परदेशी भाषेची चार वर्षं: अमेरिकेतल्या हायस्कूलपासून कॉलेजच्या अर्जापर्यंत

दर जानेवारी-फेब्रुवारीत पुढच्या वर्षाचे विषय निवडायचे फॉर्म आले, की रविवारच्या मराठी शाळेबाहेर मला हमखास एक प्रश्न येतो. "ताई, स्पॅनिशची दोन वर्षं झाली. आता ते सोडून एपी केमिस्ट्री घ्यावं म्हणतोय. चालेल ना?" (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा वर्ग आणि त्याची परीक्षा.) हायस्कूल पास होण्यापुरतं बऱ्याच ठिकाणी चालतं. पण ज्या कॉलेजांची नावं त्याच घरात रोज जेवताना निघतात, तिथे बहुतेक वेळा चालत नाही. आणि हे पालकांना कळतं तेव्हा मूल अकरावी संपवून बसलेलं असतं, हातात एकच वर्ष उरलेलं असतं.

एक गोष्ट आधीच सांगते. परदेशी भाषा चांगली आली म्हणून कुणाला मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळत नाही. पण अर्धवट सोडलेली भाषा प्रगतिपत्रकावर भोकासारखी दिसते, आणि हे भोक वेळेत लक्ष दिलं तर पडूच द्यायचं नसतं. त्यासाठी बारावीपासून उलटं मोजत यावं लागतं. पुढचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. लेख मुख्यतः अमेरिकेत सहावी ते अकरावीत मुलं असलेल्या मराठी पालकांसाठी आहे. महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांसाठी शेवटाकडे एक छोटा भाग आहे.

सुरुवात करण्याआधी: चार कागद जमवा

पहिला, तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची विषयांची पुस्तिका. कुठल्या भाषा आहेत, प्रत्येकीच्या किती पातळ्या आहेत, ऑनर्सला, म्हणजे जास्त कठीण वर्गाला, जायला किती मार्क लागतात, हे सगळं त्यात असतं. दुसरा, स्कूल प्रोफाइल. कौन्सेलर, म्हणजे शाळेतला मार्गदर्शक, प्रत्येक अर्जासोबत कॉलेजला पाठवतो तो हा दोन-चार पानी कागद. शाळेत काय काय उपलब्ध आहे ते कॉलेज यावरूनच वाचतं. तिसरा, मुलाचं आजवरचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे घेतलेले सगळे विषय आणि त्यांच्या ग्रेड असलेला कागद. अनधिकृत प्रत चालेल, पण ती डोळ्यांनी बघा, आठवणीवर जाऊ नका.

चौथ्या कागदाबद्दल पालकांना जवळपास कधीच माहीत नसतं: कॉमन डेटा सेट. बहुतेक कॉलेजं हा दरवर्षी आपल्या संकेतस्थळावर टाकतात. कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' एवढं शोधलं की सापडतो. त्यातला सी-५ हा तक्ता उघडा. हायस्कूलमध्ये कुठल्या विषयाची किती वर्षं सक्तीची आणि किती शिफारस केलेली, हे तिथे आकड्यांत दिलेलं असतं. परदेशी भाषेची ओळ वेगळी असते. मुलाच्या मनातली पाच-सहा कॉलेजं घ्या आणि या ओळीतले आकडे एका कागदावर उतरवा.

अंदाज यावा म्हणून काही आकडे देते. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन एकाच परदेशी भाषेची ४ वर्षं सुचवतात. स्टॅनफर्ड एकाच भाषेची ३ किंवा जास्त वर्षं सुचवतं. एमआयटी २ वर्षं म्हणतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या ए-जी या सक्तीच्या विषयांच्या यादीत 'ई' या अक्षराखाली इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेची २ वर्षं सक्तीची आहेत आणि ३ वर्षांची शिफारस आहे. ग्रेड किमान सी हवी.

सावधान: 'शिफारस' हा शब्द वाचून हुश्श करू नका. जिथे शंभरातल्या चार-पाच जणांनाच जागा मिळते, तिथे बाकीचे बहुतेक अर्जदार ती शिफारस पाळून आलेले असतात.

टप्पा १: वर्षं मोजू नका, पातळी मोजा (सहावी-सातवी)

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. माझ्या ओळखीतल्या एका घरातला मुलगा सातवीत आणि आठवीत स्पॅनिश शिकला. नववी संपली तेव्हा आई-वडिलांच्या हिशेबाने तीन वर्षं झाली होती. ट्रान्स्क्रिप्टवर मात्र 'स्पॅनिश १' एवढंच होतं. सातवीचं आणि आठवीचं मिळून पहिली पातळी धरली जाते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यात नववीच्या आधीच्या चाचणीत तो घसरला, म्हणून शाळेने त्याला पुन्हा पहिल्या पातळीवर बसवलं. तीन वर्षं शिकला आणि पहिल्याच पायरीवर राहिला.

म्हणून कागद आडवा धरा आणि उजवीकडून डावीकडे लिहीत या. बारावीत काय हवं? समजा एपी स्पॅनिश. मग अकरावीत स्पॅनिश ४ किंवा ऑनर्स, दहावीत ३, नववीत २. म्हणजे पहिली पातळी आठवीपर्यंत पूर्ण व्हायला हवी. तुमच्या मिडल स्कूलमध्ये भाषा नसेल, तर नववीत १ पासून सुरू करून बारावीत ४ वर पोचता येतं, आणि तेही उत्तमच आहे. एपीपर्यंत पोचलंच पाहिजे असा नियम नाही. पायऱ्या न सोडता चढत राहणं महत्त्वाचं.

तपासा: मिडल स्कूलमधली भाषेची ग्रेड हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर येते का? काही डिस्ट्रिक्टमध्ये येते आणि सरासरीतही धरली जाते, काही ठिकाणी येत नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया सातवी-आठवीतली भाषा हायस्कूलच्या दर्जाची असेल तर धरते आणि अर्जात ती विचारतेही. म्हणून आठवीचं प्रगतिपत्रक फाइलमध्ये ठेवा, टाकून देऊ नका.

टप्पा २: भाषा निवडणं

"सगळे भारतीय स्पॅनिशच घेतात, आपण चायनीज घेऊ, वेगळं दिसेल." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्याबद्दल स्पष्टच बोलायला हवं. वेगळं दिसण्यासाठी घेतलेली भाषा दुसऱ्या वर्षी सुटते आणि सुटलेली भाषा वेगळी दिसत नाही. स्पॅनिश घेतल्याने कुणाचंही नुकसान होत नाही.

निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: या भाषेची शिडी आमच्या शाळेत वरपर्यंत जाते का? तिसऱ्या पातळीनंतर वर्ग भरत नाही, एकच शिक्षक आहे आणि तो निवृत्तीला आलाय, असं असेल तर ती भाषा कितीही आवडली तरी विचार करा. लहान शाळांमध्ये जर्मनचे वर्ग मध्येच बंद पडलेले मी पाहिलेत. पुस्तिकेत नाव छापलंय एवढ्यावर विसंबू नका. कौन्सेलरला थेट विचारा, गेल्या वर्षी वरच्या पातळीचा वर्ग प्रत्यक्ष भरला होता का.

दुसरा प्रश्न मुलाला काय आवडतं हा. तिसरा, कष्ट किती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिच्या वर्गवारीत इंग्रजी बोलणाऱ्याला स्पॅनिश किंवा फ्रेंच कामापुरती यायला साधारण ६०० ते ७५० तास वर्गात लागतात. जपानी, चिनी, कोरियन, अरबीला २२००. हायस्कूलच्या मुलाने तेवढं गाठायचं नसतं, पण भाषाभाषांमधला फरक यातून कळतो.

मात्र हा हिशेब फक्त इंग्रजी येणाऱ्याचा आहे, आणि आपल्या मुलांना घरात मराठी ऐकायला मिळते. याचा उपयोग पालक जवळजवळ कधीच करत नाहीत, म्हणून जरा थांबून दाखवते. स्पॅनिशमध्ये 'मला पुस्तकं आवडतात' हे 'मे गुस्तान लोस लिब्रोस' असं म्हणतात. पुस्तक एक असेल तर 'गुस्ता', अनेक असतील तर 'गुस्तान'. वर्गातली बाकीची मुलं इथे आठवडाभर अडखळतात, कारण इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता असतो. मराठीत? 'मला पुस्तक आवडतं', 'मला पुस्तकं आवडतात'. रचना तीच आहे. माझ्या शाळेतल्या एका मुलीला हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहून दाखवलं, तर ती म्हणाली, "अगं हे तर आजीचं स्पॅनिश आहे!" 'तू' आणि 'उस्तेद' यांतला फरकही 'तू' आणि 'तुम्ही' एवढाच. जर्मनला तीन लिंगं आहेत, मराठीलाही आहेत. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि नामाला मागून प्रत्यय लागतो, आपल्यासारखंच. मुलाला हे दिसलं की घरची मराठीही त्याला कामाची वाटू लागते.

लॅटिन आणि अमेरिकन साइन लँग्वेज बऱ्याच ठिकाणी परदेशी भाषा म्हणून धरल्या जातात. कॅलिफोर्नियाच्या 'ई'मध्येही चालतात. पण तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचं पान बघून खात्री करा. कोडिंग ही 'भाषा' आहे म्हणून या रकान्यात चालेल, असं मानू नका.

टप्पा ३: नववीत योग्य पायरीवर बसणं

आठवीच्या वसंतात बहुतेक शाळा प्लेसमेंट, म्हणजे मूल कुठल्या पातळीच्या वर्गात बसणार ते, ठरवतात: काही ठिकाणी शिक्षकांच्या शिफारशीवर, काही ठिकाणी चाचणी घेऊन. क्रम असा ठेवा. मार्चमध्ये मिडल स्कूलच्या शिक्षकांना विचारा की मूल दुसऱ्या पातळीला तयार आहे का आणि नसेल तर नेमकं कुठे कच्चं आहे. मग चाचणी आहे का, लेखी की तोंडी, हे विचारा. चाचणी असेल तर आधीचे तीन आठवडे रोज थोडा सराव करा: मुख्यतः क्रियापदांची रूपं आणि आठ-दहा ओळींचं लेखन. मुलं बोलताना निभावून नेतात, कागदावर अडतात.

उलट चूकही होते. मूल कच्चं असताना पालक भांडून वरच्या वर्गात बसवतात. भाषेत पाया हलला की पुढची तीन वर्षं जातात. पहिली पातळी नववीत पुन्हा करणं ही नामुष्की नाही.

टप्पा ४: नववी आणि दहावी, पाया पक्का करणं

या दोन वर्षांत वेगळं काही करायचं नसतं, सोडायचं मात्र नसतं. रोज वीस मिनिटं. त्यातली दहा मोठ्याने वाचण्यात आणि बोलण्यात. फोनवरच्या ॲपमध्ये तीनशे दिवस सलग झाले हे मुलाच्या उत्साहासाठी ठीक आहे, अर्जात त्याला किंमत नाही.

तिसऱ्या पातळीवर स्पॅनिश आणि फ्रेंच दोन्हींत सब्जंक्टिव्ह नावाचा डोंगर येतो. बरीच मुलं इथेच "मला भाषा जमत नाही" म्हणतात आणि दहावीनंतर सोडतात. 'किएरो के वेंगास' म्हणजे 'तू यावंस असं मला वाटतं'. 'येतोस' असतं तिथे 'यावंस' झालं, कारण गोष्ट घडलेली नाही, मनात आहे. मराठीत आपण हे रोज करतो. मुलाला 'जावं', 'करावं', 'बोलावं' ही रूपं आधी मराठीत बोलायला लावा आणि मग स्पॅनिशचा तक्ता उघडा. सगळ्या ठिकाणी दोन्ही भाषा जुळत नाहीत, पण भीती जाते.

आणखी एक. भाषेचे वर्ग वरच्या पातळीला लहान होत जातात आणि तोच शिक्षक दोन-दोन वर्षं शिकवतो. म्हणजे मुलाला नीट ओळखणारा शिक्षक अनेकदा हाच असतो. एमआयटीसारखं कॉलेजही एक शिफारसपत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं आणि दुसरं मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं किंवा भाषेच्या शिक्षकाचं मागतं. वर्गात हात वर करणारं, चुकलं तरी बोलणारं मूल या पत्रात उठून दिसतं.

टप्पा ५: दहावीचा फेब्रुवारी

सगळा लेख खरं तर या एका महिन्यासाठी लिहिलाय. अकरावीचे विषय ठरत असतात. फिजिक्स, कॅल्क्युलस, कॉम्प्युटर सायन्स असं सगळं एकाच वेळी हवं असतं आणि वेळापत्रकात एक रकाना कमी पडतो. घरी सगळ्यांची नजर भाषेवर जाते.

कॉलेजला काय दिसतं ते समजून घ्या. कौन्सेलर आपल्या अहवालात या मुलाने शाळेत उपलब्ध असलेल्यांपैकी किती कठीण अभ्यासक्रम घेतला हे नोंदवतो, आणि हे ठरवताना पाच मुख्य विषय बघितले जातात: इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं, भाषा. विज्ञानाचा दुसरा एपी घेऊन भाषा टाकली तर एक बाजू जड होते, दुसरी रिकामी. अभियांत्रिकीला जाणाऱ्या मुलालाही माझा सल्ला हाच असतो: किमान तिसरी पातळी पूर्ण कर, चौथी जमली तर कर. तीन पातळ्या झाल्या आहेत, मुलाच्या यादीतली कॉलेजं दोन-तीन वर्षांवर समाधानी आहेत आणि त्या जागी त्याच्या विषयातला खरोखर महत्त्वाचा वर्ग येतोय, तर मात्र थांबणं समजण्यासारखं आहे. तसं असेल तर वेळापत्रकाची अडचण आपल्या पत्रात एका वाक्यात लिहाल का, असं कौन्सेलरला विचारा.

सोडण्याआधी हे पर्याय या क्रमाने पडताळा. आधी ऑनर्सऐवजी साधा वर्ग. मग शाळेच्या मान्यतेने ऑनलाइन. मग जवळच्या कम्युनिटी कॉलेजमधला वर्ग. उन्हाळी वर्ग सगळ्यात शेवटी, कारण सहा आठवड्यांत वर्षभराची भाषा उरकली की सप्टेंबरपर्यंत बरीच विसरलेली असते.

सावधान: बाहेरचा कुठलाही वर्ग घेण्याआधी शाळेची लेखी मान्यता घ्या. एका मुलीने उन्हाळ्यात पैसे भरून ऑनलाइन फ्रेंच ३ पूर्ण केलं, 'ए' ग्रेडही मिळवली. शाळेने ते धरलं नाही, कारण आधी अर्ज केला नव्हता. ती सप्टेंबरमध्ये पुन्हा त्याच वर्गात बसली.

मध्येच भाषा बदलणं ही याच महिन्यातली दुसरी मोठी चूक. दोन वर्षं स्पॅनिश आणि दोन वर्षं जपानी म्हणजे चार वर्षं नव्हेत. 'एकाच भाषेची' हे शब्द कॉलेजच्या पानावर मुद्दाम असतात. दुसरी भाषा हवीच असेल तर पहिली न सोडता जोडीला घ्या.

आणि मूल अकरावीतच एपी संपवून बसलं तर? माथ्यावर पोचून थांबणं आणि अर्ध्यात थांबणं सारखं नाही. शाळेत एपी स्पॅनिश लिटरेचर असेल तर ते घ्यावं, कम्युनिटी कॉलेजचा वर्ग घ्यावा, किंवा आता खुशाल नवी भाषा सुरू करावी.

टप्पा ६: आपली मराठी कुठे बसते

बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या आणि स्थानिक मंडळांच्या मराठी शाळा अमेरिकेत अनेक शहरांत चालतात. "मग मराठीच परदेशी भाषा म्हणून दाखवू, स्पॅनिशची कटकट कशाला?" हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर तीन भागांत द्यावं लागतं.

पहिला भाग, शाळेचं क्रेडिट. काही डिस्ट्रिक्ट बाहेरून दिलेल्या भाषा-परीक्षेवर क्रेडिट देतात, काही देत नाहीत. नियम तुमच्या डिस्ट्रिक्टचाच. नववीत विचारा, बारावीत नाही.

दुसरा, सील ऑफ बायलिटरसी. इंग्रजी आणि आणखी एक भाषा लिहिता-वाचता-बोलता येते याची ही राज्याची मोहोर हायस्कूलच्या डिप्लोम्यावर लागते. कॅलिफोर्नियाने २०११ साली कायदा करून सुरुवात केली आणि पुढे ती देशभर पसरली. पात्रता बहुधा भाषाशिक्षकांच्या संघटनेच्या, म्हणजे अ‍ॅक्टफलच्या मापावर ठरते: नॉव्हिस, इंटरमीडिएट, अ‍ॅडव्हान्स्ड अशा पायऱ्या, प्रत्येकीत लो, मिड, हाय. राज्यागणिक इंटरमीडिएट मिड किंवा हाय अशी अट दिसते. मराठीसाठी कुठली चाचणी मान्य आहे हे शाळेच्या भाषा विभागाला विचारा.

तिसरा भाग महत्त्वाचा. मराठीवर सूट मिळाली म्हणून स्पॅनिश घेतलंच नाही, तर ट्रान्स्क्रिप्टवर भाषेचा एकही वर्ग उरत नाही. कठीण प्रवेशाच्या कॉलेजांसाठी मला हे पटत नाही. मराठी मोहोरेसाठी आणि मुलाच्या स्वतःसाठी ठेवा, वर्गातली भाषा ट्रान्स्क्रिप्टसाठी. दोन्ही एकमेकींची जागा घेत नाहीत.

तयारीबद्दल एक अनुभव. आमच्या शाळेतला एक मुलगा घरी अस्खलित बोलायचा. आजोबांशी फोनवर तासभर क्रिकेट. चाचणीच्या सरावात त्याला संगणकावर परिच्छेद लिहायला दिला तर पंधरा मिनिटांत तीन ओळी झाल्या. 'स्वातंत्र्य' हा शब्द त्याला ठाऊक होता, कळफलकावर तो जोडायचा कसा हे ठाऊक नव्हतं. 'त'चा पाय कसा मोडायचा, त्याला 'र' आणि 'य' कसे जोडायचे, यातच वेळ गेला. तेव्हा आधी विचारा की लेखन टाइप करायचं आहे की हाताने, आणि टाइप करायचं असेल तर सहा महिने आधीपासून आठवड्याला एक पत्र देवनागरीत टाइप करून आजी-आजोबांना पाठवायला लावा. ते उत्तर पाठवतील, वाचनही होईल.

टप्पा ७: परीक्षा कधी आणि कुठल्या

सॅट या प्रवेशपरीक्षेच्या विषयवार परीक्षा २०२१ मध्ये बंद झाल्या, त्यामुळे जुन्या पुस्तकांतला आणि मोठ्या भावंडांचा सल्ला इथे चालत नाही. उरते ती मुख्यतः एपी. एपीत स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चायनीज, जपानी आणि लॅटिन आहेत. हिंदी किंवा मराठी नाही. परीक्षा मे महिन्यात असते, नोंदणी मात्र शाळेमार्फत त्याआधीच्या शरद ऋतूत होते. मार्चमध्ये जागे होणाऱ्यांना उशीर झालेला असतो.

पालक हमखास विसरतात ती तारीख वेगळीच आहे. बारावीच्या मेमध्ये दिलेल्या एपीचा गुण जुलैत येतो, प्रवेशाचे निकाल मार्चअखेरपर्यंत लागून गेलेले असतात. म्हणजे बारावीच्या एपीत कॉलेज बघतं ते वर्गाचं नाव आणि सहामाहीची ग्रेड. त्या वर्षाच्या गुणाची काळजी प्रवेशासाठी करू नका. पुढे क्रेडिट किंवा प्लेसमेंटला तो उपयोगी पडू शकतो.

बोलण्याचा भाग मुलं घरी सराव न करता देतात. समोर माणूस नसतो, मायक्रोफोन असतो, उत्तराला मोजके सेकंद असतात. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकणं हा एकच सराव यावर चालतो. पहिल्यांदा मुलं लाजतात. दहाव्यांदा लाजत नाहीत.

टप्पा ८: अर्ज भरताना (अकरावीचा उन्हाळा ते बारावीचा जानेवारी)

कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. त्यात स्वतःच्या माहितीच्या भागात भाषांचा प्रश्न असतो: किती भाषा येतात, आणि प्रत्येकीपुढे बोलता येते, वाचता येते, लिहिता येते, पहिली भाषा, घरी बोलली जाते असे रकाने. मराठी जरूर लिहा. पण मुलाला फक्त बोलता येत असेल तर 'वाचता येते', 'लिहिता येते' यांवर खूण करू नका. खोटी खूण मुलाला आतून पोखरते, आणि तिची गरजही नाही.

मराठी शाळेचं काम उपक्रमांच्या यादीत जातं. तिथे दहा जागा असतात आणि वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. 'मराठी संस्कृतीची आवड, सण साजरे केले' अशी ओळ काहीच सांगत नाही. 'सहा वर्षांच्या बारा मुलांना दर रविवारी बाराखडी शिकवली. ३० चित्रपत्ते तयार केले' ही ओळ वाचणाऱ्याला वर्गात नेते. आकडा खराच लिहा, मग तो लहान असला तरी चालेल.

निबंधात 'दोन संस्कृतींच्या मध्ये मी' हा विषय घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण तो हजारो मुलं घेतात. त्याऐवजी एक लहान, खरी गोष्ट घ्या: एखादा शब्द जो भाषांतरात बसला नाही, आजीसोबतचा एखादा गैरसमज, स्पॅनिश बोलणाऱ्या शेजाऱ्याला दवाखान्यात केलेली मदत.

तपासा, अर्ज पाठवण्याआधी: ट्रान्स्क्रिप्टवर भाषेची पातळी बरोबर छापली आहे का? बाहेरच्या वर्गाचं ट्रान्स्क्रिप्ट वेगळं पाठवायचं आहे का? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात विषय आणि ग्रेड मुलाने स्वतः भरायच्या असतात. सातवी-आठवीची भाषा तिथे राहून जाते. अर्ज गेल्यानंतर बारावीत भाषा सोडायची वेळ आलीच, तर कॉलेजला कळवावं लागतं. सहामाहीचा अहवाल जातोच, त्यात ते दिसतं.

महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्यांसाठी

तुमच्याकडे बोर्डाने ठरवलेल्या चौकटीत बघितलं जातं. शाळेत मराठी, हिंदी किंवा संस्कृत शिकलात ते भाषेचंच शिक्षण आहे. ते मार्कशीटवर आहे, लपवायचं कारण नाही. एक निर्णय मात्र जपून घ्या. अकरावी सायन्सला दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घ्यायची सोय आहे आणि मार्कांसाठी बरेचजण ती घेतात. अमेरिकेचा विचार पक्का असेल तर भाषा ठेवणं बरं.

पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि आलियाँस फ्राँसेझ इथे जर्मन, फ्रेंच शिकता येतं. तिथल्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत जातात. तीन भाषांची ए-१ ची प्रमाणपत्रं गोळा करण्यापेक्षा एका भाषेत बी-१ गाठा. बारावीच्या दिवाळीत घाईने ए-१ करून काही साधत नाही.

टप्पा ९: प्रवेश मिळाल्यानंतरचा उन्हाळा

येल, कोलंबिया, स्टॅनफर्ड अशा अनेक कॉलेजांत पदवीसाठीही परदेशी भाषेची अट असते. कोलंबिया कॉलेजात ती चौथ्या सत्राच्या पातळीपर्यंत जाते. कुठल्या वर्गात बसायचं ते एपीच्या गुणावर किंवा उन्हाळ्यातल्या प्लेसमेंट चाचणीवर ठरतं, आणि ती चाचणी बहुधा घरून, संगणकावर द्यायची असते. मेमध्ये वह्या फेकल्या, जून-जुलै भारतात गेले, ऑगस्टमध्ये न बघता चाचणी दिली, की चार वर्षं शिकलेलं मूल पुन्हा पहिल्या सत्रात बसतं आणि त्या सत्राची फी भरावी लागते. म्हणून वह्या ठेवा. कॉलेजचं पत्र आलं की चाचणीची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि त्याआधीचे दोन आठवडे रोज अर्धा तास: एक दिवस वाचन, एक दिवस लेखन, क्रियापदांचा तक्ता रोज.